दर दोन-तीन आठवड्यांनी गाव बदलतोय, फिट कसं राहायचं? (सध्या मुक्काम गुहागर)

लॅपटॉपवाला_फिरस्ता

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. कंपनीने कायमचं घरून काम दिलं, म्हणून दसऱ्यानंतर पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडला, सामान भावाकडे टाकलं आणि बाइकवर दोन बॅगा बांधून कोकणात उतरलो. विचार असा की वरून खाली सागरी महामार्ग धरून यायचं, एकेका गावात दोन-तीन आठवडे घरगुती खोली घ्यायची, दिवसा काम, सकाळ-संध्याकाळ समुद्र. श्रीवर्धन झालं, बागमांडल्याहून फेरीबोटीने वेसवीला उतरून केळशी, आंजर्ले, मग दापोलीजवळचं मुरूड, आणि दाभोळ-धोपावे बोटीने आता गुहागर. पुढे रत्नागिरी, देवगड, मालवण असं जायचंय.

ऑफिसातल्यांना वाटतं हा रोज पहाटे किनाऱ्यावर धावत असणार. कसलं काय! निघालो तेव्हा ७३ किलो होतो, परवा मेडिकलबाहेरच्या काट्यावर ७९ भरलो. पुण्यात पाच वर्षं आठवड्याचे चार दिवस जिम चालू होती, इथे आल्यापासून सुरू किती वेळा केलं आणि बंद किती वेळा पडलं ते मोजणं सोडलंय. आंजर्ल्यात आठवडाभर पळालो तर पोटऱ्या इतक्या धरल्या की कड्यावरच्या गणपतीला पायऱ्यांनी जायच्याऐवजी बाइकने गेलो, लाज वाटली. मुरूडला एक दिवस पहाटे एवढी मोठी लांबलचक वाळूची पुळण होती की मजा आली, आठवड्याने त्याच वेळेला गेलो तर पुळण गायब, पाणी पार वरपर्यंत. ताणायचे रबरी पट्टे घेतले होते त्यातला एक केळशीला राहिला आणि दुसरा बाइकवर सामान बांधायला लागला, तो आता तिथेच असतो.

खरा घोळ असा आहे की नवीन गावात घडी बसायला चार-पाच दिवस जातात, चहा कुठे, रेंज कुठे, कुत्री कुठली, आणि घडी बसली की बॅग भरायची वेळ येते. त्यात जेवण. सकाळी घावणे नाहीतर आंबोळ्या, दुपारी भात, रात्री भात, आणि चतुर्थी असली की मोदक, आणि काकू समोर उभ्या असतात वाढायला, नाही म्हणायची माझी हिंमत नाही. दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कंबरेत खालच्या बाजूला सतत दुखतं, ते एक वेगळंच.

मला बॉडी-बिडी बनवायची नाहीये. जे होतं ते टिकावं, कंबर गप्प बसावी आणि बाइकवर मावेल एवढ्याच सामानात व्हावं. कोणी असं वर्ष-दोन वर्षं फिरत राहिलंय का? तुम्ही नक्की काय करता ते सांगा, यूट्यूबच्या लिंका नकोत, त्या पन्नास बघून झाल्यात.

पाखाडी_काका

तुमची गायब झालेली पुळण वाचून हसू आलं. अहो, समुद्राचं घड्याळ तुमच्या मोबाइलच्या गजराने चालत नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आज सहाला ओहोटी मिळाली तर आठवड्याने त्याच वेळेला भरती येणारच, त्यात नवल काय.

मी पोस्टात होतो, पाच वाड्यांचं टपाल माझ्याकडे, रोज बारा-चौदा किलोमीटर पायी, त्यातली निम्मी पाखाड्यांवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटांवरून. दोन वाड्या पुळणीच्या पलीकडे होत्या, त्यामुळे भरतीचा हिशोब मला पगाराच्या तारखेपेक्षा पक्का माहीत. आपल्या किनाऱ्यावरचा जुना आडाखा असा, तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन. अष्टमीला सहा आणि सहा. ओहोटी त्याच्या सहा तास पुढे. मिनिटाला मिनिट जुळत नाही, इकडेतिकडे होतं, पण आपल्याला काही जहाज काढायचं नाहीये.

आता हे तुमच्या व्यायामाला कसं लावायचं ते बघा. अमावस्या-पौर्णिमेला भरती साडेअकरा-बाराला, म्हणून ओहोटी पहाटे-संध्याकाळी साडेपाच-सहाला, वाळू ओली, कडक, सायकल चालेल अशी. पंधरवड्यात त्रयोदशीपासून पुढच्या पक्षातल्या पंचमीपर्यंत सकाळची पुळण तुमची. षष्ठी ते द्वादशी सकाळी समुद्र वर असतो, तेव्हा त्याच्या नादी लागायचं नाही, पाठ फिरवायची आणि पाखाडीने सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या सपाटीवर चढायचं. कोकणातल्या कुठल्याही गावात जा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला चढ, तिसरं काही नाहीच. आठ दिवस सपाटीवर लांब चालायचं, सात दिवस चढायचं, पुन्हा आठ दिवस पुळण. गाव बदललं तरी तिथी बदलत नाही, केळशीला जी अष्टमी तीच मालवणला. खोलीच्या भिंतीवर कालनिर्णय लटकलेलं असतंच, तेच तुमचं वेळापत्रक.

पाखाडी उतरताना जपा, दवाने चिरे निसरडे असतात, चढताना माणूस पडत नाही. आणि सड्यावर गेलात तर नुसते घाम गाळून परतू नका. रत्नागिरी, राजापूरकडे सरकलात की उक्षी, कशेळी, देवाचं गोठणं, बारसू इथे सड्यावर कातळशिल्पं आहेत, कशेळीचा हत्ती एवढा मोठा की जवळ उभं राहून आधी कळतच नाही आपण काय बघतोय. आम्ही लहानपणी तिथून गुरं हाकत नेली, कोणाला काही वाटत नव्हतं, आता युनेस्कोच्या संभाव्य यादीत नाव आलंय त्यांचं.

बोंबील_बहाद्दर

जिम, पट्टे, वेळापत्रक, ही सगळी शहरी खुळं आहेत. आमच्या आज्याने कधी डंबेल बघितला नाही आणि नव्वदीपर्यंत माडावर चढत होता. गप रोज चाला, बास झालं. आणि मोदक मिळतायत तर खा की, पुण्यात कोण देतंय.

लॅपटॉपवाला_फिरस्ता

@बोंबील_बहाद्दर आजोबांना नमस्कार, पण आजोबा आठ तास खुर्चीत बसून बग शोधत नव्हते हो. माडावर रोज चढायला मिळालं तर मीही जिमचं नाव काढणार नाही.

@पाखाडी_काका हे भन्नाट आहे! आज दशमी, म्हणजे साडेसात... खरंच, सकाळी साडेसातला पाणी सुरूच्या झाडांच्या जवळ होतं. मी तीन महिने समुद्राजवळ राहून एकदाही तिथी बघितली नव्हती.

पाखाडी_काका

नुसतं चालून भागतं हे मात्र खरं नाही, हे मी स्वतः भोगलंय. छत्तीस वर्षं चाललो, पाय घोड्यासारखे, दम लागत नसे. निवृत्तीच्या वर्षी गॅसचा सिलिंडर पायरीवरून वर घ्यायला गेलो आणि खांदा असा धरला की तीन महिने सदऱ्यात हात घालायला बायको लागायची. चालणाऱ्याचे पाय चालतात, हातांना कोण विचारतो.

हाडवैद्य_नव्हे

मी फिजिओथेरपिस्ट आहे, चिपळूणला प्रॅक्टिस करते, आणि काकांनी जे शेवटी लिहिलंय त्यासाठीच अर्धे पेशंट माझ्याकडे येतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चालणं, ते काकांच्या पंचांगात आरामात बसतं. पण त्याच शिफारशीत पुढे असंही आहे की आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना जोर लागेल असं काहीतरी करा, हा भाग लोक वाचतच नाहीत.

फिरस्ता, तुमच्यासाठी चांगली गोष्ट ही की कमावलेली ताकद टिकवायला कमावण्यापेक्षा खूप कमी मेहनत लागते. आठवड्यातून दोनदा वीस-पंचवीस मिनिटं, पण खरोखर जोर लावून, म्हणजे शेवटच्या दोन-तीन वेळा तोंड वाकडं झालं पाहिजे. बैठका घाला, सोप्या झाल्या की एका पायाने पायरीवर चढ-उतर करा, पाठीला बॅग लावून. जोर मारा, सोपे झाले की पाय ओटीच्या पायरीवर ठेवून मारा. बॅगेत पाण्याच्या बाटल्या भरायच्या, लिटरला किलो, वजन कमीजास्त करता येतं आणि व्यायाम झाला की पिऊन टाकता येतं. अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले दिसतील, ते उचलायचा मोह होईल, पण एकेक चिरा पंचवीस-तीस किलोला सहज जातो, तुमची कंबर सध्या त्या लायकीची नाही.

अडचण एकच, सतरंजीवर होणाऱ्या व्यायामात ढकलणं असतं, बसणं-उठणं असतं, ओढणं नसतं. सूर्यनमस्कारात पण नसतं, ते बाकी सगळ्याला उत्तमच. आणि तुमच्यासारख्या दिवसभर पुढे वाकून बसणाऱ्याला पाठीच्या वरच्या भागासाठी ओढायलाच पाहिजे. तो बाइकवरचा पट्टा सोडवा आणि सामानाला साधी सुतळी बांधा. पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून कोपर मागे नेत ओढायचा, पंधरा-पंधरा वेळा, तीन फेऱ्या.

आता कंबर. खुर्ची प्लास्टिकची म्हणून दुखत नाही, त्याच खुर्चीत तीन तास न हलता बसता म्हणून दुखते. लॅपटॉप जेवायच्या पाटावर ठेवा, दोन पाट मिळाले तर एकावर एक, स्क्रीन डोळ्यांच्या समोर आली पाहिजे, आणि वेगळा कीबोर्ड घ्या, तो बॅगेत मावतो. दर पाऊण तासाने उठायचं, पाणी प्यायचं निमित्त करा. ज्या मीटिंगमध्ये तुम्हाला नुसतं "हो हो" म्हणायचं असतं ती अंगणात फेऱ्या मारत ऐका. दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर मात्र हे सगळं वाचत बसू नका, कोणाला तरी दाखवा.

पोटऱ्यांचं सांगते. कोरड्या मऊ वाळूत चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त ताकद लागते, टाच आत रुतते आणि पोटरी-टाचेची शीर ताणली जाते. तुम्ही जिमच्या दमावर तिथे पहिल्याच दिवशी अर्धा तास पळालात, मग दुसरं काय होणार. ओल्या कडक वाळूवर चाला, मऊ वाळूत दहा मिनिटांपासून सुरुवात करा. आणि किनारा समुद्राकडे उतरता असतो, एक पाय कायम खाली राहतो, म्हणून जाल त्याच रेषेने परत या, म्हणजे दोन्ही पायांची वाटणी सारखी होते. जाताना पुळणीवरून आणि येताना रस्त्याने रिक्षाने, असं करणारा एक पेशंट आहे माझा, त्याचा एकच गुडघा दुखतो.

आगरातली_ताई

नमस्कार. आमच्याकडे हेदवीच्या बाजूला दोन खोल्या आहेत पाहुण्यांसाठी, त्यामुळे "काकू समोर उभ्या असतात" ते मी आहे असं समजा.

खरं सांगू का, आम्हाला काय कळणार तुमच्या पोटात काय चाललंय ते. दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा सुट्टीवर असतो, त्याला मोदक पण हवे, सोलकढी पण हवी, भाताचा डोंगर पण हवा. तुम्ही तीन आठवडे राहणार म्हणजे पाहुणे नाहीच, घरचेच, मग घरचं जेवा ना. आमच्या घरात आम्ही रोज कुठे मोदक खातो! पहिल्या दिवशीच सांगायचं, काकू मला भात एकदाच, रात्री एक भाकरी आणि कुळथाची पिठी द्या. राग येत नाही हो कोणाला, उलट आमचे कष्ट वाचतात. माझ्याकडे एक बँकेचे ऑडिटर दर वर्षी महिनाभर येतात, त्यांनी पहिल्याच वर्षी सांगितलं की न्याहारीला दोन अंडी आणि उसळ, आणि मी ती करते, माझ्या डोक्यालाही रोज "आज काय" असा ताप नाही.

आणि ते ओढण्याचं जे डॉक्टरताईंनी लिहिलंय त्यावर आमचे हे म्हणतायत की पाहुण्यांना विहिरीवर पाठव. चेष्टा नाही करत. पंप आहे, पण लाइट गेले की कप्पी आणि दोरच कामाला येतात. दहा लिटरची बादली, विहीर खोल, वीस बादल्या काढा म्हणजे कळेल. आगरात पोफळींना, म्हणजे सुपारीच्या झाडांना, शिंपण्याला पाणी लागतंच, तेवढंच आमचं काम होईल. पैसे नाही घेणार त्याचे.

हाडवैद्य_नव्हे

@आगरातली_ताई अगदी उत्तम, फक्त पाय फाकवून, पोट आत घेऊन, हात आळीपाळीने, आणि काठाला वाकून नाही. पहिल्या दिवशी आठ-दहा बादल्या पुरे, हाताला फोड येतील.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२०च्या शिफारशीत वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रथिनं आहेत, ७९ किलोला साधारण पासष्ट ग्रॅम झाली. एका अंड्यात सहा, मध्यम बांगड्याच्या मांसात पंधराएक. कुळथाला आपण फार मानतो आणि कच्च्या कुळथात शंभर ग्रॅमला वीसच्या वर प्रथिनं आहेतही, पण एका माणसाच्या पिठीला पीठ पडतं मूठभर, म्हणजे वाटीभर पिठी एका अंड्याएवढी धरा. पिठी खाऊन प्रथिनं झाली असं समजू नका, उसळ, मासे, अंडी, फुटाणे काहीतरी जोडीला पाहिजे.

संकासुर_सुट्टीवर

आमी दशावतारी. कार्तिकात जत्रा सुरू झाले की मे म्हयन्यापर्यंत रोज येगळो गाव. तुमी दोन-तीन आठवड्यांनी गाव बदलतास म्हणान रडतास, आमका इचारा. सगळ्यांका समजाक व्हया म्हणान पुढचा तुमच्या भाषेत लिहितंय.

रात्री उशिरा नाटक उभं राहतं, आधी आडदशावतार म्हणजे सुरुवातीचा भाग, मग आख्यान म्हणजे मुख्य कथा, ते पहाटेपर्यंत. अंगावर मुकुट, भरजरी कपडे, त्यात तलवारीचं युद्ध, गिरक्या, गुडघ्यावर बसणं-उठणं, खाली देवळासमोरची फरशी नाहीतर शेणाने सारवलेली जमीन. उजाडलं की टेम्पोत पेटारे चढवायचे, पुढच्या गावी जायचं, देवळाच्या धर्मशाळेत आडवं व्हायचं. वीस वर्षं करतोय. माझ्यासोबत सुरू केलेले तिघं कंबर-गुडघ्यांमुळे थांबले, मी अजून उभा आहे, त्याचं कारण व्यायाम नाही, झोप आहे. हे कोणी लिहिलंच नाही म्हणून मी लिहितोय.

जाग्यावर पोचलं की बाकीचे चहा, गप्पा, मोबाइल, गावातले ओळखीचे. मी पहिलं अंथरूण टाकतो, डोळ्यांवर पंचा, सहा तास. गाव कुठलंही असो, अंथरूण तेच, उशी तीच, मी उशी घरून घेऊन फिरतो, सगळे हसतात. झोप नीट झाली नाही तर माणूस दिवसभर खात बसतो, हे स्वतःवर बघितलंय मी. फिरस्ता, तुम्ही रात्री किती वाजता झोपता ते लिहिलं नाहीत.

दुसरं जेवणाचं. जत्रेच्या गावात आग्रह काय असतो ते तुम्हाला माहीत नाही, त्यापुढे तुमच्या काकू काहीच नाहीत. पोट भरलेला असला तर तलवारीचो हात उचलत नाय. मी नाटकाआधी अर्धं जेवतो आणि पहाटे सुटल्यावर मीठ घातलेली पेज, वर लोणच्याची फोड. रात्रभर घाम गेलेला असतो. शहाळं चांगलंच, पण घाम फार गेला तर नुसत्या शहाळ्याने भागत नाही, अंगातलं मीठ गेलेलं असतं, ते पेजेनं नाहीतर मीठ घातलेल्या कोकम सरबताने भरून येतं. आमच्याकडे दमट हवेत घाम वाळतच नाही, अंगावरून नुसता गळतो, मार्चनंतर बघाल तुम्ही.

पावसात आमची नाटकं बंद, तेव्हा घरी शेती. भातलावणीचा एक महिना चिखलात वाकून काढला की वर्षभराची पाठ तयार होते.

नारळीपाक_९०

मध्येच विचारते, मी पण अशीच फिरते, जूनमध्ये देवगडला असणार. पावसात पुळण नाही, सडा शेवाळलेला, मग काय करायचं? शेतात लावणीला गेले तर चालेल का, मजा म्हणून?

हाडवैद्य_नव्हे

@नारळीपाक_९० लावणीला जरूर जा, पण पायाला जखम, भेगा असतील तर चिखलात उतरू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) पेशंट येतात, उंदरांच्या लघवीतून पाण्यात आणि तिथून जखमेतून अंगात. गमबूट घाला, घरी आल्यावर साबणाने पाय धुवा, आणि नंतर ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर "लावणीला गेले होते" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. बाकी पावसात पडवी आहेच, सतरंजीएवढी जागा कुठेही मिळते. पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नाही हे वेगळं सांगत नाही.

बोंबील_बहाद्दर

आज्याबद्दल एक सांगायचं राहिलं, तो रात्री आठला झोपायचा. संकासुराचं पटलं.

लॅपटॉपवाला_फिरस्ता

तीन आठवड्यांनी लिहितोय, गायब झालो नव्हतो, ताईंकडेच आलोय हेदवीला! इथे वाचून फोन केला तर खोली रिकामी होती.

झोपेचं उत्तर, लाज वाटते पण रात्री दीड-दोन. क्लायंट अमेरिकेचा, कॉल साडेअकराला संपतो आणि मग डोकं शांत व्हायला मोबाइल. मोबाइल आता ओटीवर चार्जिंगला ठेवतो, खोलीत नाही. बारा-सव्वाबाराला झोप लागते, सहाला आपोआप नाही पण साडेसहाला उठतो. भूक खरंच कमी झाली, हे मला अपेक्षित नव्हतं.

तिथीचं गणित चालतंय. फक्त एकदा शहाणपणा केला, द्वादशीला सकाळी सातला पुळणीवर गेलो, काकांनी षष्ठी ते द्वादशी नाही म्हटलं होतं तरी. जाताना जागा होती, चपला एका दगडापाशी काढून ठेवल्या, सव्वाआठला परत येतो तर दगडच पाण्यात, एक चप्पल मिळाली. नवाची भरती होती, पाऊणपट करून बघितलं तर बरोबर नऊ. चढाच्या दिवशी मात्र मजा येतेय, सड्यावर रेंज घरापेक्षा चांगली आहे हे कळल्यापासून सकाळची साडेनऊची मीटिंग वरूनच घेतो. परवा मागे गाय हंबरली आणि मॅनेजरने विचारलं आवाज कुठून येतोय, सगळे म्यूट झाले.

विहीर. पहिल्या दिवशी दहा बादल्या ठरवल्या होत्या, सात झाल्या आणि तळवे सोलले. आता अठरावर आहे, दिवसाआड. ताईंचे यजमान काठावर उभं राहून मोजतात आणि मध्येच "ही अर्धीच आली, धरणार नाही" म्हणतात. वजन ७७. कंबर मीटिंग लांबली तर अजून बोलते, पण पाटांवर लॅपटॉप ठेवल्यापासून मान तरी मोकळी झाली. रात्री भाकरी-पिठी, न्याहारीला अंडी, चतुर्थीला मोदक खाल्ले, चार, सांगून ठेवतो.

आता पुढचं. बुधवारी तवसाळच्या फेरीबोटीने जयगडला उतरून गणपतीपुळ्याच्या जवळ पंधरा दिवस राहणार आहे. समुद्र तिथे पोहायला धोक्याचा आहे हे ऐकलंय, उतरणार नाही. चालायला कसं आहे?

पाखाडी_काका

बुधवारी षष्ठी, म्हणजे चढाचे दिवस सुरू. पुळ्याला देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा आहे, साधारण एक किलोमीटर, फरसबंद वाट, पहाटे गर्दी नसते. चार प्रदक्षिणा घाला, देवाला वाटेल भक्त आहे. चप्पल काढून घाला म्हणजे निदान ती तरी समुद्रात जायची नाही.

आगरातली_ताई

यांनी विचारायला सांगितलंय, पुळ्याच्या खोलीला विहीर आहे का.

लॅपटॉपवाला_फिरस्ता

फोन करून पहिलं तेच विचारलं. मालक म्हणाले विहीर आहे पण पाण्याची काही अडचण नाही, चोवीस तास पंप आहे, काळजी करू नका. मी म्हटलं कप्पी आहे का. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, तुम्ही नक्की किती जण येणार आहात?